चढणीचे मासे (कृष्णा खोरे)

पावसाळ्याच्या आरंभी नदीतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वरच्या अंगाला, ओढ्यानाल्यांत आणि पाणी भरलेल्या सखल जागांत जातात. या प्रवासाला चढण आणि अशा माशांना चढणीचे मासे असे म्हणतात. कोकणाच्या काही भागांत याच घटनेला वलगण हा शब्द आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णा व तिच्या उपनद्यांच्या काठी मृग नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की मासे चढणीला लागतात आणि नदीकाठच्या गावांत मासेमारीचा हंगाम सुरू होतो. मासा सर्वांत सहज हाती लागण्याचा आणि त्याच्या पुनरुत्पादनाचा काळ एकच असल्यामुळे हा हंगाम मत्स्यसंवर्धनाच्या दृष्टीने नाजूक मानला जातो.

भौगोलिक पार्श्वभूमी

कृष्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि वाई, कऱ्हाड, सांगली असा प्रवास करीत कर्नाटकात जाते. वेण्णा तिला संगम माहुली येथे, तारळी उंब्रजजवळ, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, येरळा ब्रह्मनाळजवळ आणि वारणा सांगलीजवळील हरिपूर येथे मिळते. येरळा वगळता या उपनद्या सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यातून येतात. येरळा मात्र खटावसारख्या कमी पावसाच्या प्रदेशातून वाहते आणि उन्हाळ्यात बव्हंशी कोरडी असते.

या नद्यांना भरतीओहोटी नाही. समुद्राजवळच्या नद्यांत माशांच्या हालचाली भरतीच्या वेळापत्रकावर चालतात, येथे त्या पावसावर चालतात. उन्हाळ्यात पात्र आटते आणि मासे खोल डोहांत एकवटतात. पहिला जोरदार पाऊस झाला की ओढ्यांचे तांबडे, गढूळ पाणी नदीत उतरते. या नव्या पाण्याच्या दिशेने मासे डोह सोडून निघतात.

चढणीची कारणे

पावसाळ्यापूर्वीच माद्यांच्या पोटात अंडी तयार झालेली असतात. अशा अंड्यांनी भरलेल्या पिशवीला मराठीत गाभोळी म्हणतात. अंडी पक्व असली तरी ती घालण्यासाठी बाहेरून चालना मिळावी लागते. पाण्याची वाढती पातळी आणि ओढ, तापमानात झालेली घट, विरघळलेल्या प्राणवायूचे वाढलेले प्रमाण यांमुळे माशाच्या मेंदूखालील पियुषिका ग्रंथीतून संप्रेरके स्रवतात आणि त्यानंतर अंडी बाहेर टाकली जातात. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे तळ्याच्या स्थिर पाण्यात वाढतात, गाभोळीही धरतात, परंतु तेथे सहसा अंडी घालीत नाहीत. त्याचे कारण हेच आहे.

याच तत्त्वावर डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. नदीच्या पुराने जे घडते ते सुईने घडवून आणण्याचा हा प्रयोग होता. आज देशभरातील मत्स्यबीज केंद्रे या पद्धतीवर उभी आहेत आणि १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

वरच्या अंगाला जाण्यामागे आणखी एक लाभ असतो. मुख्य पात्रातील पुरात अंडी आणि पिले वाहून जाण्याचा धोका असतो. उथळ ओढे, गवताळ काठ आणि पाणी साचलेली शेते येथे ओढ कमी असते, मोठे शिकारी मासे कमी असतात आणि पिलांना सूक्ष्म खाद्य भरपूर मिळते.

चढणीत आढळणारे मासे

कृष्णा खोऱ्यातील माशांचा शास्त्रीय अभ्यास दोनशे वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या पाहणीपर्यंत मागे जातो. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनमधील अनेक मासे प्रथमच शास्त्राला परिचित करून दिले. ही नावे ठेवताना त्यांनी स्थानिक शब्दांचाच आधार घेतला. खुद्री, कोळस, सींघाला, मुल्या, नुक्ता ही आजही प्रचलित असलेली शास्त्रीय नावे त्या काळच्या मराठी मच्छीमारांच्या बोलीतून आलेली आहेत. पुढे १९५२ मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णा खोऱ्यातील एका माशाला खवलचोर हे मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. हा मासा इतर माशांचे खवले कुरतडून खातो.

चढणीच्या वर्तनानुसार येथील माशांचे ढोबळमानाने तीन गट करता येतात.

पहिला गट लांब प्रवास करणाऱ्या माशांचा आहे. खडशी किंवा दख्खनी महसीर (टॉर खुद्री) हा त्यांतील प्रमुख होय. तो पावसाळ्यात वरच्या अंगाला जाऊन वाहत्या, स्वच्छ पाण्यात खडी आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. त्याची अंडी जड असून तळाशी बसतात. त्यामुळे वाळूचा आणि खडीचा उपसा झालेल्या पात्रात त्यांना जागा उरत नाही.

दुसरा गट मळ्या, मुरे, शिंगटी आणि लहान खवल्यांच्या अनेक जातींचा आहे. हे मासे जवळच्या ओढ्यांत आणि शेतांत चढतात. मळ्या ओठांच्या साहाय्याने खडकाला चिकटून राहू शकतो, म्हणून जोराच्या धारेतही तो वर सरकतो. गावकऱ्यांना चढणीत मिळणारा मासा बहुधा याच गटातील असतो.

तिसरा गट मरळीसारख्या माशांचा आहे. मरळ लांब प्रवास न करता काठच्या उथळ, गवताळ पाण्यात शिरते. नर आणि मादी मिळून अंड्यांची आणि पिलांच्या थव्याची राखण करतात. राखण करणारी जोडी पकडली गेली तर संपूर्ण थवा इतर माशांच्या तोंडी पडतो.

मासेमारीच्या पद्धती

भोई आणि कोळी समाजांतील कुटुंबे नदीवर परंपरेने मासेमारी करतात. धरणांच्या जलाशयांत ही मासेमारी मुख्यतः मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत चालते. चढणीच्या दिवसांत मात्र शेतकरी, शेतमजूर, शाळकरी मुले असे सर्वच जण ओढ्यावर दिसतात.

ओढ्याच्या अरुंद जागी दगडमातीचा बांध घालून मध्ये फट ठेवतात आणि त्या फटीत बांबूच्या कामट्यांचा निमुळता पिंजरा बसवतात. आत शिरलेल्या माशाला उलट फिरता येत नाही. उथळ पाण्यात फेकजाळे वापरतात, तर डोहाच्या कडेला गांडूळ लावून गळ टाकतात. रात्री कंदील किंवा विजेरीच्या उजेडात हाताने किंवा टोपलीने मासे धरण्याची पद्धतही रूढ आहे. अलीकडे नायलॉनची बारीक आसाची जाळी सर्वत्र स्वस्तात मिळू लागल्याने पूर्वी निसटून जाणारी लहान पिलेही पकडली जातात.

पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानुसार गुन्हा आहे.

हंगामाचा क्रम

जून महिन्यात, मृग आणि आर्द्रा नक्षत्रांच्या पावसात, पहिली चढण होते. पाऊस पडून उघडीप मिळाली की मासे थांबतात आणि पुन्हा पाणी वाढले की निघतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये मुख्य नदीला पूर येतो, त्या वेळी पात्रातील मासेमारी जवळजवळ थांबते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरू लागताच मोठे मासे आणि बोटभर झालेली पिले परत नदीकडे उतरतात. जी उतरत नाहीत ती शेतातील डबक्यांत अडकतात. हिवाळा आणि उन्हाळा मासे डोहांत काढतात. त्यामुळे उन्हाळ्यात डोह टिकला तरच पुढील वर्षी चढणीला मासे उरतात.

चढणीतील अडथळे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या खोऱ्यात मोठी धरणे होत गेली. कोयनेवरील सुमारे १०३ मीटर उंचीचे कोयना धरण, कृष्णेवरील धोम, वेण्णेवरील कण्हेर, वारणेवरील चांदोली आणि उरमोडी व तारळी यांवरील धरणे ही त्यांतील प्रमुख होत. धरणाची भिंत मासा ओलांडू शकत नाही. शिवाय पावसाळ्याच्या आरंभीचे पाणी आधी जलाशयात साठते. त्यामुळे धरणाखालच्या पात्राला नव्या पाण्याची चाहूल उशिरा लागते. कोयनेचे बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवले जाते. अशा स्थितीत धरण नसलेले लहान ओढे चढणीसाठी अधिकच मोलाचे ठरतात.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा परिणाम वेगळा असतो. या बंधाऱ्यांतील बरगे पावसाळ्यापूर्वी काढले जातात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा बसवले जातात. बरगे वेळेवर निघाले तर मासा गाळ्यांतून वर जाऊ शकतो. ते अडकून राहिले तर तेवढ्याच कारणाने त्या वर्षीची चढण बंधाऱ्याखाली थांबते आणि तेथे साठलेले गाभोळीचे मासे सहज जाळ्यात सापडतात.

कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी हा आणखी एक अडथळा आहे. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण असताना असे पाणी पात्रात आल्यास प्राणवायू संपून मासे मरतात. सांगली परिसरात कृष्णेत मृत माशांचा खच पडल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत घडलेल्या आहेत. चढणीच्या तोंडावर असे घडल्यास मृत माशांबरोबर त्यांच्या पोटातील पुढची पिढीही नष्ट होते.

बाहेरून आलेल्या माशांचाही परिणाम होतो. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे असून येथील जलाशयांत त्यांचे बीज सोडले जाते. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजेच बाजारातील चिलापी, स्थिर पाण्यात वर्षातून अनेकदा प्रजनन करतो. त्याला चढणीची गरज नसल्याने धरणे आणि बंधारे त्याच्या पथ्यावर पडले आहेत.

संवर्धन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा नियम समुद्रापुरता आहे. ओढ्यांतील चढणीची मासेमारी शेकडो गावांत विखुरलेली असल्याने तिचे नियमन मुख्यतः स्थानिक समजुतीवर अवलंबून राहते.

अशा समजुतीची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. रायगड जिल्ह्यात वाळण कोंड येथे आणि पालघर जिल्ह्यात तिळसे येथे देवस्थानाजवळच्या डोहातील महसीर मासे देवाचे मानले जातात आणि कोणी पकडत नाही. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरचे बीज तयार करण्याचे काम चालवले आहे. तथापि बीज सोडल्याने चढणीची वाट मोकळी होत नाही. त्यासाठी बरगे वेळेवर काढणे, ओढ्याचे संपूर्ण पात्र पिंजऱ्याने न अडवणे, मोठ्या आसाची जाळी वापरणे, राखणीवरील मरळ न पकडणे आणि उन्हाळी डोहांतील उपसा थांबवणे हे उपाय आवश्यक ठरतात.

अन्य नद्यांतील उदाहरणे

अंडी घालण्यासाठी नदीत चढणारे मासे जगभर आढळतात. गंगेत समुद्रातून येणारा हिलसा १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यानंतर वरच्या पात्रात दुर्मीळ झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील पट्टेरी बास हा मासा वसंत ऋतूत समुद्रातून भरतीच्या नद्यांत चढतो. अतिमासेमारीमुळे त्याची संख्या घसरल्यावर मेरीलँड राज्याने १९८५ पासून १९९० पर्यंत त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. त्यानंतर त्याची संख्या सावरली आणि १९९५ मध्ये तो पूर्ववत झाल्याचे घोषित करण्यात आले. पुढे २०१९ मध्ये मात्र त्याची अतिमासेमारी होत असल्याचे पुन्हा आढळून आले. अंडी घालणाऱ्या माशांना काही वर्षे मोकळीक मिळाली तर नदी भरून येते, परंतु ती मोकळीक एकदा देऊन भागत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.