महागड्या लंडनचा मोफत खजिना

लंडन महाग आहे, हे हॉटेलांपुरते खरे. शहराचे मोठे वैभव मात्र विनामूल्य पाहता येते. १७५९मध्ये ब्रिटिश म्युझियम खुले झाले तेच मोफत प्रवेशाने. २००१च्या अखेरीस राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांचे प्रवेशशुल्क संपले. पैसे लागतात ते विशेष प्रदर्शनांना. मोफत म्हणजे दुय्यम, असे कोणी म्हणेल. पण रोझेटा शिलालेख आणि नॅशनल गॅलरीतील व्हॅन गॉगची ‘सूर्यफुले’ याच मोफत दालनांत आहेत. राहणे महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे मध्यवस्तीबाहेर मुक्काम आणि भुयारी रेल्वेऐवजी स्वस्त बस. तिच्या एका भाड्यात तासाभरात कितीही बस बदलता येतात. म्हणून खर्चाची काटकसर मुक्कामात करा, पाहण्यात नको.