पॅनेलवरची पाटी काय सांगते?

डीपीच्या खांबाला टांगलेली धोक्याची पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. कवटी, दोन हाडे आणि खाली ‘११,००० व्होल्ट’. तिचा अर्थ लहान मुलालाही कळतो : शिवशील तर मरशील! पण वीज न शिवताही माणसाला भाजते, ही गोष्ट त्या पाटीवर नसते. आपली मुले आयटीआयमधून वायरमन होऊन साखर कारखान्यात, सूतगिरणीत जातात, तेव्हा त्यांची गाठ ह्या दुसऱ्या धोक्याशी पडते.

असे समजा की, चालू पॅनेलचे दार उघडे आहे आणि हातातला पाना निसटून आतल्या दोन पट्ट्यांवर पडला. किंवा एखादा उंदीरच आत शिरला. क्षणात पट्ट्यांमधल्या हवेतून वीज वाहू लागते आणि भडका उडतो. ह्यालाच आर्क फ्लॅश म्हणतात. तिथली उष्णता २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, हे गुरुजींना ठाऊकच आहे. तांबे नुसते वितळत नाही, त्याची वाफ होते. पाण्याची वाफ सुमारे १,७०० पट जागा व्यापते, तर तांब्याची सुमारे ६७,००० पट. म्हणून जाळाबरोबर धमाकाही होतो.

हा भडका किती अंतरावरून भाजतो, ह्याचे गणित राल्फ ली ह्या अमेरिकन इंजिनिअरांनी १९८२ साली मांडले. पुढे २००२ साली आय-ट्रिपल-ई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेने सूत्रे ठरवून दिली आणि २०१८ साली ती सुधारली. त्या गणितातून जे आकडे निघतात, ते पॅनेलच्या दारावर पाटी करून चिकटवतात.

पाटीवरचा मुख्य आकडा कॅलरीचा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवते ती एक कॅलरी. चौरस सेंटिमीटर कातडीवर १.२ कॅलरी पडली की फोड येण्याची सुरुवात होते. जिथे उष्णता एवढी उरते, तिथवरचे अंतर पाटीवर लिहिलेले असते. योग्य कपडे नसतील तर त्या रेषेच्या आत जायचे नाही. शिवाय काम करताना छाती-तोंड जिथे असते तिथे किती कॅलरी पडतील, तेही लिहितात. पाटीवर ८ असेल तर निदान ८ कॅलरी सोसणारा अंगरखा आणि तोंडावर तसलीच ढाल हवी. टेरिकॉटचा सदरा मुळीच नको. तो वितळून अंगाला चिकटतो.

आता खरी मेख ऐका. ही उष्णता व्होल्टांपेक्षा वेळेवर फार अवलंबून असते. ब्रेकरने सेकंदाच्या विसाव्या भागात वीज तोडली आणि २ कॅलरी पडल्या, असे धरा. तोच ब्रेकर दोन सेकंद रेंगाळला, तर ८० पडतील! आणि गंमत अशी, की प्रवाह कमी असेल तर ब्रेकर सावकाश तुटतो; म्हणून लहान दिसणारा दोष कधी कधी जास्त भाजतो. ह्यासाठी इंजिनिअर ट्रान्स्फॉर्मर, केबलची लांबी, ब्रेकरचे सेटिंग सारे टिपून मोठ्या आणि लहान अशा दोन्ही प्रवाहांचा हिशेब करतात. ‘सारखा उडतो’ म्हणून कोणी सेटिंग वाढवले, की पाटी त्या घडीला खोटी ठरली. गावात आपण फ्यूजमध्ये जाड तार घालतो ना, तोच हा प्रकार, बरे का!

पाटी म्हणजे चालू पॅनेलमध्ये हात घालायचा परवाना नव्हे. आधी वीज बंद करावी, कुलूप लावावे, मीटरने तपासावे, मगच हात घालावा. ती तपासणी होईपर्यंत मात्र पॅनेल चालूच समजायचे आणि कपडे चढवूनच उभे राहायचे.

एका कारखान्यात खंडेनवमीला पॅनेलला झेंडूची माळ घातलेली मी पाहिली. नवा रंगही दिला होता, अगदी पाटीसकट! आकडे पार बुजलेले. मुलगा दिवाळीला घरी आला, की त्याला विचारा : तुझ्या पॅनेलवर किती कॅलरी लिहिल्या आहेत आणि पाटीवर तारीख कुठली? अमेरिकेतल्या नियमांत हा हिशेब निदान पाच वर्षांनी पुन्हा पाहावा लागतो, आणि मधे ट्रान्स्फॉर्मर बदलला तर लगेच.