केमिकल इंजिनिअरांस पर्यावरणाच्या कामांत वाव

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धांदल सुरू झाली, कीं पुष्कळ घरांतून एक वाद हटकून होतो. मुलाला अगर मुलीला केमिकल इंजिनिअरिंगला जागा मिळालेली असते. आजोबांस तें पसंत असतें, कारण कारखान्यांत मोठा हुद्दा मिळेल. मुलाचें म्हणणें असतें कीं, नद्या नासविणाऱ्या धंद्यांत मला जावयाचें नाहीं, मी पर्यावरणाचें काम करीन. त्यावर कोणी तरी वडील माणूस विचारतें, "म्हणजे गटारें उपसणार कीं काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी त्यांतील तिटकारा खरा असतो. सोंवळेंओंवळें आपण सोडलें असें आपण म्हणतों. पण मैल्या पाण्याजवळ उभें राहण्याचें काम दुसऱ्या कोणीं तरी करावें, ही समजूत अद्याप आपल्या घरांत ठाण मांडून बसलेली आहे. तिच्यापायीं एक चांगली वाट मुलांना बंद होऊं नये, म्हणून हें लिहिणें.

मुळांत केमिकल इंजिनिअरिंग ही विद्याच पुष्कळ अंशीं या कामांतून निपजली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यांत मिठापासून धुण्याचा सोडा करण्याचे कारखाने होते. लेब्लांच्या त्या कृतींत एक टन सोड्यामागें सुमारें दोनतृतीयांश टन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघे, आणि ती धुराड्यांतून सरळ आकाशांत सोडीत. आसपासचीं झाडें वाळलीं, पिकें करपलीं. तेव्हां 1863 सालीं पार्लमेंटानें अल्कली अ‍ॅक्ट केला, आणि या वाफेपैकीं निदान शेंकडा 95 भाग अडविलाच पाहिजे असें ठरविलें. तशी वाफ पाण्यांत शोषून घेण्याचा मनोरा विल्यम गॉसेज यानें 1836 सालींच काढला होता, पण तो बांधण्याची निकड कायद्यानें आणली. मग हातीं आलेल्या आम्लाचें करावयाचें काय, हा प्रश्न पडला. हेन्‍री डीकन यानें त्यापासून क्लोरीन काढण्याची कृति बसविली, आणि क्लोरिनापासून कापड शुभ्र करण्याची भुकटी होऊं लागली. ज्या वाफेनें शेतें जाळलीं, तिचाच माल बाजारांत विकूं लागला!

या कायद्याखालीं नेमलेल्या तपासनिसांपैकीं एक जॉर्ज डेव्हिस. निरनिराळे कारखाने पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, माल कोणताहि असो, शोषणें, ऊर्ध्वपातन, गाळणें, सुकविणें या क्रिया सर्वत्र त्याच आहेत. यावर त्यानें मँचेस्टर येथें व्याख्यानें दिलीं, व 1901 सालीं केमिकल इंजिनिअरिंगवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या शास्त्राचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात तो गृहस्थ, आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, प्रदूषण मंडळाचा इन्स्पेक्टर होता. आजोबांस हें अवश्य सांगावें.

आतां आपल्याकडे पाहूं. 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा, आणि भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर 1986 सालीं झालेला पर्यावरण संरक्षण कायदा, यांमुळें कारखान्यांस सांडपाणी शुद्ध करूनच सोडण्याचें बंधन आहे. तारापूर, पाताळगंगा, लोटे-परशुराम अशा औद्योगिक वसाहतींतून अनेक कारखान्यांचें मिळून सामाईक शुद्धीकरण केंद्र असतें. तेथील मुख्य टाकींत हवा खेळवून जंतूंकडून घाण खाववितात. हे जंतु मोठे नाजूक. एखाद्या रात्रीं कोणीं तीव्र आम्ल सोडून दिलें, कीं सारी टाकी मरते, आणि ती पुन्हा जोमास येण्यास दिवसचे दिवस लागतात. अशी टाकी संभाळणें हें गटार उपसणें नव्हे. तें एक प्रकारचें वैद्यकच आहे.

पण येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कित्येक ठिकाणीं 'पर्यावरण अधिकारी' म्हणून नेमलेल्या तरुणास अर्ज भरणें व तक्त्यांवर सह्या करणें यापलीकडे कांहीं काम नसतें, आणि रात्रीं वीज वांचविण्यासाठीं टाकीची हवा बंद झाली तर त्याचें कोणी ऐकत नाहीं. मुलाखतीस जातांना मुलानें स्पष्ट विचारावें: शुद्धीकरण बिघडलें तर उत्पादन थांबविण्याचा अधिकार मला राहील काय? उत्तर देणारा नुसता हंसला, तर ती नोकरी सोडून द्यावी.

माझ्या मतें सर्वांत मोठा वाव मूळ प्रक्रिया सुधारण्यांत आहे. रंगांच्या व औषधांच्या धंद्यांतील अ‍ॅनिलिनाचें उदाहरण घ्या. तें नायट्रोबेन्झिनापासून लोखंडाच्या चुऱ्यानें करण्याची जुनी कृति आहे. तींत एक किलो अ‍ॅनिलिनामागें, कोरडा धरला तरी, जवळजवळ 1.9 किलो काळा लोहगाळ पडतो. तेंच काम योग्य उत्प्रेरक घालून हायड्रोजन वायूनें केलें, तर गाळ नाहीं. मागें उरतें तें पाणी, तेंहि किलोमागें 0.4 किलोहून कमी. अ‍ॅनिलीन आतां बहुतेक असेंच होतें. पण त्याच्या जातींतील इतर द्रव्यांसाठीं लहान कारखान्यांतून लोखंडच वापरलें जातें, कारण दाबाखालील हायड्रोजन स्फोटक, त्याला भांडवल लागतें आणि जाणता माणूस लागतो. तो जाणता माणूस होणें, हीच या शिक्षणाची खरी जागा. आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाचेंहि असेंच झालें: जुन्या कृतींत सहा पायऱ्या होत्या व वापरलेल्या द्रव्यांपैकीं शेंकडा 40 भागच औषधांत उतरत असे, नव्या कृतींत तीन पायऱ्या, आणि शेंकडा 77 भाग उतरतो. मुंबईस माटुंग्याला 1933 सालीं निघालेली रसायन-तंत्रशास्त्राची संस्था या विद्येसाठीं आजहि नांवाजलेली आहे.

इथेनॉलचा गाजावाजा सर्वांनीं ऐकला आहे. पेट्रोलांतील त्याचें प्रमाण 2025 सालीं शेंकडा 20 वर पोंचलें. पण मळीपासून एक लिटर मद्यार्क काढतांना आठ ते पंधरा लिटर काळेंभोर, उग्र सांडपाणी निघतें, हें घोषणांत येत नाहीं. त्यापासून आधीं जळाऊ वायु काढणें, मग उरलेलें आटवून बॉयलरांत जाळणें व राखेंतील पोटॅश शेतास देणें, हीं सारीं कामें केमिकल इंजिनिअरचींच. साखर कारखान्यांच्या आपल्या मुलखांत त्यांची वाण पडावयाची नाहीं.

याखेरीज जुन्या बॅटऱ्यांतून लिथियम व कोबाल्ट परत मिळविण्याचा धंदा वाढतो आहे. संशोधनाची आवड असेल त्यास नागपूरची 'नीरी' व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सरकारी नोकरीची हौस असेल त्यास प्रदूषण नियंत्रण मंडळें आहेत, मात्र तेथील भरतीची वाट पाहण्यास धीर पाहिजे.

शिकत असतां सूक्ष्मजंतुशास्त्राचा विषय ऐच्छिक मिळाला तर टाळूं नये. या शाखेचीं मुलें तो सोपा समजून सोडतात व पुढें पस्तावतात. उन्हाळ्याच्या सुटींतील प्रशिक्षण मागतांना शुद्धीकरण केंद्रांतच मागावें. तेथें गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर हिंडावें लागतें, आणि कपड्यांना वास येतो. ते घरीं वेगळे भिजवावे लागतील, एवढी तयारी मंडळींनीं ठेवावी.