प्लग बदलले आणि रेडिओ तडतडू लागला

माझ्या पद्मिनी गाडीचे चारही प्लग बदलून आणले त्या दिवशी इंजिन इतकं शांत चालत होतं की सिग्नलला थांबल्यावर ते सुरू आहे की बंद, हे स्टिअरिंगवर हात ठेवून ओळखावं लागत होतं. स्वारगेट सोडलं आणि सवयीने रेडिओ लावला. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ. बातम्या सुरू होत्या आणि त्यांच्या मागे तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी तडतड. ॲक्सिलरेटर दाबला की दाट, सोडला की विरळ. कात्रजचा चढ लागला तेव्हा निवेदिकेचा एक शब्द धड कळेना.

मिस्त्री म्हणाले, "दादा, इंजिन कसं पळतंय ते बघा ना. रेडिओचं रेडिओवाल्याला विचारा." रेडिओवाल्याने सेट बाहेर काढला, टेबलावर लावून दाखवला, तो स्वच्छ वाजला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. हा बिघाड दोघांच्या कामाच्या बरोबर मधे पडतो, म्हणून कितीतरी जुन्या गाड्यांचे मालक कंटाळून रेडिओच बंद ठेवतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दुरुस्ती बहुतेक वेळा साधी असते.

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या गॅपमधली हवा फोडायला पुरत नाहीत. त्यासाठी कॉइल असते. डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले, पॉइंट उघडले की तिच्या जाड तारेतला प्रवाह अचानक तुटतो आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत १५-२० हजार व्होल्ट उभे राहतात. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केल्यावर पाइपला दणका बसतो, तसा हा दणका. ठिणगी पडते त्या क्षणी वायरमध्ये साठलेला विद्युतभार सेकंदाच्या काही अब्जांश भागात गॅपमधून धाव घेतो. इतक्या आकस्मिक प्रवाहातून रेडिओलहरी निघणारच, आणि प्लगची वायर त्यांची एरियल बनते. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहला रेडिओलहरी प्रथम दाखवल्या त्या कॉइल आणि ठिणगी वापरूनच. मार्कोनींचे सुरुवातीचे प्रक्षेपकही ठिणगीचे होते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा बॉनेटखाली सेकंदाला १०० वेळा तोच प्रयोग चालू असतो.

मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो. ठिणगीचा झटका त्या उंचीतच मिसळतो आणि रेडिओला दोन्ही सारखेच वाटतात. एफएमचा सेट उंचीतले चढउतार छाटून टाकतो, म्हणून तिथे त्रास कमी. तरी घाटात सिग्नल क्षीण झाला की तिथेही तडतड डोकं वर काढते.

माझ्या गाडीतला गुन्हेगार एका अक्षरात सापडला. डिकीत जुने प्लग होते, त्यांच्या नंबरात 'आर' होता. नव्यांच्या नंबरात नव्हता. बीपीआर ६ ईएस आणि बीपी ६ ईएस यांचे आटे, लांबी, उष्णतेचा अंक, सगळं एकच. फरक पोटात आहे: 'आर' प्लगच्या चिनीमातीच्या आत सुमारे ५००० ओहमचा रोध बसवलेला असतो. इतर मोठ्या कंपन्यांच्या नंबरांतही 'आर'चा अर्थ बहुधा हाच.

रोध घातला तर ठिणगी दुबळी होईल, ही शंका मिस्त्रींनी काढली आणि ती रास्तच आहे. पण ठिणगी पडण्याआधी गॅपमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. प्रवाह नाही तर रोधात दाब खर्च होत नाही, आणि गॅपला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं. हवा फुटल्यावर जी झुंबड उडते, तिला मात्र रोध आवरतो. पेट्रोल पेटायचं तसंच पेटतं, लहरी मंदावतात.

प्लग योग्य असूनही तडतड राहिली तर संशय वायरींवर. रोधाच्या वायरीत तांब्याऐवजी कार्बन भरलेला धागा असतो. प्लग काढताना रबरी टोपी धरायच्या ऐवजी वायरच हिसकली की हा धागा आतल्या आत तुटतो आणि तिथे दुसरी, लपलेली ठिणगी उडू लागते. कान देऊन ऐकलं तर ओळखू येतं: आयडलवर चारही सिलिंडरची तडतड एकसलग वाटते, एकाच वायरीचा दोष असेल तर टक... टक... अशी मोकळी, सेकंदाला सहा-सात ठोक्यांची. मल्टिमीटरवर तुटकी वायर लगेच कळते. दणकट म्हणून तांब्याच्या वायरी बसवून घेतल्या असतील आणि प्लगही बिनरोधाचे असतील, तर तडतडीला अडवणारं काहीच उरत नाही. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडून बघावं. वायरीवर कुठे निळसर चमक दिसली तर वीज तिथून गळते आहे. हात मात्र लांब ठेवायचा.

आवाज सेटमध्ये शिरतो कुठून, हेही तपासता येतं. सेटमागची एरियलची पिन काढा. तडतड थांबली तर ती एरियलवाटे येते. चालूच राहिली तर बॅटरीच्या वायरीतून. पहिल्या प्रकारात एरियलच्या बुडाखालचा पत्रा पाहावा. माझ्या गाडीत तिथे रंग आणि गंज होता, अर्थिंग नावालाच. पॉलिश पेपरने पत्रा उघडा करून नट घट्ट केला. बॉनेटलाही बॉडीशी जोडणारी तांब्याची वेणीदार पट्टी लावली. बिजागऱ्यांवरच्या रंगामुळे बॉनेट एरवी अधांतरी राहतं आणि लहरी अडवत नाही. दुसऱ्या प्रकारात कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला कंडेन्सर लावतात. तो चुकून पॉइंटकडच्या टोकाला लावू नये, इंजिन मिसफायर करू लागतं.

तडतडीऐवजी इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर प्लगांना दोष देऊ नका, तो डायनामो किंवा अल्टरनेटर. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिन जरा रेझ करून चावी फक्त रेडिओ चालू राहील इतकी मागे घ्यावी. ठिणगी त्याच क्षणी थांबते, शिट्टी इंजिनाबरोबर उतरत उतरत थांबते.

अमेरिकेत पॉल गॅल्विन यांनी १९३० मध्ये मोटारीसाठी 'मोटोरोला' रेडिओ बाजारात आणला, त्या काळात तो बसवणाऱ्यांना प्लगांवर वेगळे रोध आणि जागोजागी कंडेन्सर चढवावे लागत. आता तेच काम प्लगच्या पोटात आयतं मिळतं. मिस्त्रींनी चारही प्लग बदलून दिले, स्वतः शेजारी बसून कात्रजपर्यंत बातम्या ऐकल्या आणि परतल्यावर आपल्या वहीत गाडीच्या नंबरापुढे लाल पेनाने 'आर' लिहून ठेवला.