लाल बाणांची गोष्ट



उन्हाळा आला की आपल्यापैकी बरेच जण आईबाबांबरोबर विमानांच्या कसरती पाहायला जातात. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात नऊ लाल विमाने डोक्यावरून जातात, लाल, पांढरा आणि निळा धूर सोडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. हे ब्रिटिश हवाई दलाचे पथक, ‘रेड ॲरोज’, म्हणजेच लाल बाण. त्यांच्याबद्दल मुले आम्हाला दोन प्रश्न नेहमी विचारतात. ही लढाऊ विमाने आहेत का? आणि ती एकमेकांवर आपटत कशी नाहीत? चला, उत्तरे शोधू या.

नाव कसे पडले?

पूर्वी ब्रिटिश हवाई दलात एक नव्हे, अनेक कसरतपथके होती. त्यांतल्या ‘ब्लॅक ॲरोज’ने १९५८ साली फार्नबरो येथे २२ हंटर विमानांची एकत्र कोलांटी मारून दाखवली होती! पण इतकी पथके सांभाळण्यात वेळ आणि पैसा फार जाई. म्हणून संपूर्ण हवाई दलाचे एकच पथक करायचे ठरले. ‘रेड पेलिकन्स’ या पथकाचा लाल रंग आणि ‘ब्लॅक ॲरोज’चे बाण एकत्र आले आणि नवे नाव तयार झाले. १९६५ साली ली जोन्स यांच्या नेतृत्वाखाली सात विमानांनी पहिला हंगाम गाजवला. १९६८ पासून विमाने नऊ झाली.

छोटा नॅट, मोठे नाव

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, नाही! रेड ॲरोजची विमाने वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेली आहेत. पहिले विमान होते फॉलंड नॅट. ते इतके छोटे की त्याच्या पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सव्वासात मीटर होती. ब्रिटिश हवाई दलाने नॅट शिकवण्यासाठी घेतले. भारताने मात्र याच नॅटचे एक आसनी लढाऊ रूप निवडले आणि बंगलोरला ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’च्या कारखान्यात ते बनवलेही. १९६५ च्या युद्धात या चिमुकल्या विमानाने पाकिस्तानच्या सेबर विमानांना असे सतावले की लोक त्याला ‘सेबर स्लेयर’, म्हणजे सेबरचा काळ, म्हणू लागले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या रक्षणासाठी एकट्याने झुंजलेले निर्मलजीत सिंग सेखों नॅटच चालवत होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

१९८० च्या हंगामापासून रेड ॲरोजकडे हॉक विमाने आली. तीही शिकवण्याचीच. पुढे भारतानेही हॉक घेतले. भारतीय हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ हे पथक १९९६ साली भारतीय बनावटीच्या ‘किरण’ विमानांवर सुरू झाले होते. २०११ साली ते थांबले आणि २०१५ साली हॉकवर पुन्हा उभे राहिले. म्हणजे इथले लाल बाण आणि तिथले सूर्यकिरण यांची विमाने एकाच घराण्यातली!

आपटत कशी नाहीत?

विमानांमध्ये कधी कधी अंतर असते फक्त काही फुटांचे. सगळ्यात पुढे असतो नेता, ‘रेड वन’. बाकीचे वैमानिक त्याच्या विमानावरच्या ठरावीक खुणा एका रेषेत धरून आपली जागा राखतात. रेडिओवर त्याचा आवाज ऐकून सगळे एकदम वळतात. एका वैमानिकाची नेमणूक साधारण तीन वर्षांची असते, म्हणून दर वर्षी काही जण नवे येतात. संपूर्ण हिवाळा सरावात जातो. आधी तीनचार विमाने, मग जास्त आणि शेवटी नऊ. निळ्या कपड्यांतले तंत्रज्ञ म्हणजे ‘ब्लूज’. ते विमाने तयार ठेवतात. रंगीत धूर म्हणजे डिझेलच असते. इंजिनाच्या गरम झोतात सोडले की त्याचा पांढरा धूर होतो. रंग मिसळले की लाल आणि निळा.

तरीही हा खेळ नाही. जोरात वळताना वैमानिकाचे वजन काही क्षण सातपट झाल्यासारखे वाटते. तीस किलोच्या मुलाला दोनशे दहा किलोचे ओझे! त्या वेळी डोक्यातले रक्त खाली ओढले जाते आणि शुद्ध हरपू शकते. जानेवारी १९७१ मध्ये दोन नॅट हवेत आदळून चार जण गेले. २०११ साली दोन वैमानिक गेले, त्यांतले जॉन एगिंग बोर्नमथच्या कार्यक्रमानंतर. २०१२ च्या हंगामात म्हणून पथकाने नऊऐवजी सात विमानांनी कसरती केल्या. २०१८ साली एका अपघातात तंत्रज्ञ जोनाथन बेलिस यांचा मृत्यू झाला. टाळ्या वाजवताना ही माणसेही आठवावीत, असे आम्हाला वाटते.

जुनी झालेली विमाने

हवाई दलाच्या इतर तुकड्यांनी हे जुने हॉक मार्च २०२२ मध्ये निवृत्त केले. रेड ॲरोज ते २०३० पर्यंत वापरणार असे तेव्हा ठरले. त्याच वर्षी पथकाने लिंकनशायरमधला स्कॅम्प्टनचा तळ सोडला आणि जवळच्याच वॉडिंग्टनला मुक्काम हलवला. नॅट गेला तेव्हा त्याची जागा घ्यायला ब्रिटनमध्येच बनलेला हॉक तयार होता. हॉकनंतर कोणते विमान, हा प्रश्न तितका सोपा नाही.

जाता जाता एक गंमत. पुढच्या वेळी कसरती पाहायला जाल तेव्हा आधी ढग पाहा. ढग खूप उंच असतील, तर उभ्या मोठ्या कोलांट्या दिसतील. मधल्या उंचीवर असतील, तर विमाने फक्त गिरक्या घेतील. त्याहून खाली असतील, तर सपाट उडत वळणे घेतील. कोणता कार्यक्रम होणार ते आईबाबांना आधीच सांगा. आणि हो, मराठीत सांगा!