उशिरा बोलणारी मुले आणि द्वैभाषिक घर

नागपुरात धंतोली हा रुग्णालयांचा परिसर म्हणून ओळखला जातो. दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून आईबाप वैद्याकडे जातात, तेव्हा ‘घरात मराठी व हिंदी दोन्ही चालतात, म्हणून उशीर’ असे निदान आप्तेष्टांनी आधीच केलेले असते. भाषाशास्त्राच्या कसोटीस ते उतरत नाही.

लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या चाचणीनुसार, चोवीस महिन्यांच्या मुलाजवळ पन्नासांहून कमी शब्द असल्यास, किंवा ते दोन शब्द जोडीत नसल्यास, त्याकडे लक्ष पुरविणे इष्ट होय. परंतु मोजावयाचे काय? समजा, मुलास ३० मराठी व २५ हिंदी शब्द येतात. एकच भाषा मोजणारा त्यास मागासलेले ठरवील. वस्तुतः बेरीज ५५ होते. शिवाय नागपुरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो. तेव्हा बाळाचे ‘पानी’ मराठी की हिंदी, हा निवाडा व्यर्थच.

उशिरा बोलणारी बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंत इतरांच्या बरोबरीस येतात, सर्वच नव्हेत. यास्तव स्वस्थ बसणेही योग्य नाही. प्रथम श्रवणाची तपासणी व्हावी. मग मूल बोललेले समजते काय, बोट दाखवून मागते काय, हे पाहावे. आकलन व खुणा दोन्ही उण्या असतील, तर चिंतेस अधिक आधार आहे.

घरातील एक भाषा बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. तीच आजीची भाषा असेल, तर मुलाशी बोलणारे एक माणूस तेवढे कमी होते.