आधी ग्रीस, मग उंची

जुनी मारुती जिप्सी हातात आली की नव्या मालकाचा पहिला खर्च बहुतेक वेळा टायरवर होतो. मग पाटे उंच, पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची रांग. फोटो झकास येतात. पहिल्याच पावसाळ्यात गाडी मुळशीच्या मागच्या एखाद्या चिखलवाटेवर उभी राहते आणि खाली वाकून पाहिलं तर तुटलेली वस्तू शे-पाचशे रुपयांची असते: विरलेलं रबर, कोरडा पडलेला क्रॉस किंवा गळकं ऑइल सील. या गाडीवर प्रेम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, तिच्याखाली ग्रीस पंप घेऊन झोपणाऱ्यांची कमी.

जिप्सीचं मूळ घराणं जपानी. होप मोटर या छोट्या कंपनीने 1968 मध्ये एक चिमुकली फोर बाय फोर काढली. सुझुकीने तिचे हक्क घेतले आणि 1970 मध्ये जिम्नी बाजारात आणली. तिच्या पुढच्या पिढीतली एसजे-410, लांब व्हीलबेसची, 1985 च्या डिसेंबरमध्ये गुरगावहून ‘जिप्सी’ म्हणून बाहेर पडली. तेव्हा इंजिन होतं 970 सीसीचं, 45 अश्वशक्तीचं. 1993 मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरने वाढवलं, 1996 मध्ये 1.3 लिटरचं इंजिन घालून ‘जिप्सी किंग’ आली आणि 2000 मध्ये कार्बोरेटर जाऊन 80 अश्वशक्तीचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं. बाकीचा सांगाडा जवळपास जसाच्या तसा राहिला. शिडीसारखी चासी, पुढे-मागे एकसंध ॲक्सल, चारही चाकांना पाटे. वजन हजार किलोच्या आतबाहेर. चिखलात तिला तारतं ते हे हलकेपण. दोन टनांची नवी गाडी जिथे बुडते, तिथून जिप्सी निघून जाते. आणि अडकलीच तर चार माणसं ती ढकलू शकतात.

आता गाडीखाली जाऊ. इतर बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली असते. जिप्सीत ती वेगळी आहे. तीन रबरी माउंटिंगवर चासीला टांगलेली, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड प्रॉपेलर शाफ्ट. म्हणजे गाडीत शाफ्ट दोन नाहीत, तीन. क्रॉसही तेवढे जास्त. हा आखूड शाफ्ट वरच्या बाजूला लपलेला असल्यामुळे सर्व्हिसिंगला त्याचं ग्रीसिंग हमखास राहून जातं. माउंटिंगची रबरं फाटली की ‘लो’मध्ये चढ घेताना अख्खी केस पिळवटते, क्लच सोडताच खालून ठोका येतो, आणि मालक गिअरबॉक्स उघडायला निघतो. आधी टॉर्च घेऊन ती तीन रबरं पाहावीत.

खरी मेख मात्र पुढच्या ॲक्सलच्या टोकांना आहे. तिथे दोन्ही बाजूंना धातूचा एक पोकळ गोळा असतो. त्याच्या आत ग्रीसमध्ये माखलेला सीव्ही जॉइंट आणि गोळ्याभोवती वर-खाली किंगपिनच्या दोन बेअरिंगवर फिरणारी नकल. गोळ्याच्या मागच्या बाजूने फेल्ट आणि रबराची गोल पट्टी, धूळ-पाणी पुसून काढायला. काही वर्षांनी या पट्टीतून काळपट, पातळ रबडी ओघळू लागते. गॅरेजवाला पट्टी बदलून देतो. महिन्या-दोन महिन्यांत ओघळ परत. कारण बिघाड आत असतो. ॲक्सलच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलं की डिफ्रेन्शियलचं गिअर ऑइल गोळ्यात शिरतं, ग्रीस पातळ करतं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. डिफ्रेन्शियल रिकामं होत जातं ते कुणाला दिसत नाही. नकल पूर्ण उघडून आतलं सील, बेअरिंगं आणि बाहेरची पट्टी एकदमच बदलावी. अर्धं काम दुप्पट पैसे खातं.

किंगपिनची बेअरिंगं गेली की एखादा खड्डा लागताच स्टीअरिंग हातातून सुटेल असं थरथरतं. त्यावर बाजारात इलाज म्हणून स्टीअरिंग डॅम्पर विकला जातो. तो थरथर झाकतो, बेअरिंग दुरुस्त करत नाही. तपासणी फुकट आहे: पुढचं चाक जॅकवर उचलावं, वर आणि खाली हात धरून हलवावं. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावं. खेळ थांबला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा. बेअरिंग न बदलता शिम कमी-जास्त करून भागतं का, हे त्यानंतर मिस्त्रीच्या अनुभवावर.

पाण्याचंही तेच. ओढा ओलांडताना लोकांना काळजी इंजिनात पाणी जाण्याची. ती हवीच, पण संथपणे घर करतं ते ॲक्सलमधलं पाणी. घाट चढून तापलेलं डिफ्रेन्शियल गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काही दिवसांनी ड्रेन प्लग उघडला तर दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल निघतं. त्या ऑइलवर गाडी चालत राहिली की क्राउन-पिनियन गंजून, चरे पडून ओरडू लागतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत नेणं हे माझ्या मते जिप्सीवरचं सगळ्यात फायद्याचं मॉडिफिकेशन आहे. खर्च किरकोळ, आणि दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही, म्हणून फार थोडे जण करतात.

आता टायर. जिप्सी किंगचा मूळ टायर 205/70 आर15, म्हणजे व्यास सुमारे 668 मिलिमीटर. हौसेने बसवला जातो तो 235/75 आर15, व्यास साधारण 734. ॲक्सल त्यामुळे जेमतेम 33 मिलिमीटर वर जातो. मोबदल्यात सगळं गिअरिंग दहा टक्क्यांनी उंचावतं. मीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने पळत असते. एमपीएफआय इंजिनाचा टॉर्क 103 न्यूटन-मीटर, तोही 4500 फेऱ्यांना. खालच्या फेऱ्यांत ते आधीच अशक्त. ट्रान्सफर केसचं ‘लो’ 2.268, मोठ्या टायरमुळे ते जणू 2.07 होतं. ज्या खडकाळ चढावर गाडी सरपटत जायची, तिथे आता क्लच जाळत उडी मारावी लागते. जड चाकाचा ताण सीव्ही जॉइंटवर आणि ब्रेकवर येतो तो निराळाच. यावर खरा उतारा म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये खालच्या गुणोत्तराचे गिअर. केस वेगळी असल्याने ते काम जिप्सीत तुलनेने सोपं आहे. मूळ टायरमधली हवा 26 वरून 16-18 पीएसआयवर आणणं त्याहून सोपं आणि फुकट. फक्त डांबरी रस्त्यावर परतण्याआधी भरायला सोबत कॉम्प्रेसर हवा.

उंचीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. जिप्सीचे पाटे मुळात ॲक्सलच्या खालून जातात. ते ॲक्सलच्या वर बसवले की गाडी एकदम पाचेक इंच उंच होते. काम स्वस्त, वेल्डिंगवाल्याकडे दोन दिवसांत होतं. मग ब्रेकचे होज आखूड पडतात. प्रॉपेलरचे कोन तीव्र होऊन क्रॉस खातात. स्टीअरिंगचा दांडा तिरपा झाल्याने खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळू पाहते. ॲक्सल पाट्यांना पिळायला लागतो. ही प्रत्येक गोष्ट नीट सोडवता येते, पण सोडवण्याचा खर्च मूळ कामाच्या कितीतरी पट असतो, आणि निम्म्या गाड्या मधेच कुठेतरी सोडून दिलेल्या दिसतात. त्यात ही गाडी मुळात अरुंद. अमेरिकेत तिची बहीण ‘सामुराई’ 1988 मध्ये ग्राहक संघटनेच्या चाचणीत उलटण्याच्या धोक्यामुळे अस्वीकारार्ह ठरली. सुझुकीने त्यावर खटला भरला आणि 2004 मध्ये तडजोड झाली. चाचणी योग्य होती की नव्हती यावर वाद आहे. पण ज्या गाडीबद्दल असा वाद वर्षानुवर्षं चालला, तिला पाच इंच आणखी उंच करून द्रुतगती मार्गावर नेणाऱ्याने निदान तेवढं माहीत करून घ्यावं. शॅकल-बुश नवे, पाटे उघडून साफ, चांगले शॉक ॲब्सॉर्बर आणि फार तर दीड-दोन इंच. सह्याद्रीतल्या वाटांना एवढं पुरतं.

कायदाही इथे आड येतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्राने 2017 च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पकडलं जाण्यापेक्षा अपघातानंतर विमा कंपनीने हात वर करणं जास्त महागात जातं. आणखी एक, ज्याला कायद्याइतकीच अक्कल लागते: पठारावरच्या सड्यांवर गाडी घालू नये. जांभ्यावरच्या बोटभर मातीत वर्षभरातून काही आठवडे फुलणारी दुनिया असते, आणि टायरची चाकोरी तिथे कितीतरी पावसाळे टिकते. गोव्यात जुलैच्या पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धा आखलेल्या जागीच होतात. चिखलाची हौस असेल तर तिथे जावं.

सुटे भाग कुठवर मिळतील, हा जुन्या गाडीच्या मालकाचा नेहमीचा घोर. जिप्सीचं नागरी बुकिंग 2018 च्या अखेरीस थांबलं, पण लष्कर आणि पोलीस दलांत ती इतक्या मोठ्या संख्येने होती, आणि मोहर्ली-कोलाऱ्याच्या गेटांवरून ताडोब्यात पर्यटक नेणाऱ्या गाड्यांत अजूनही आहे, की सील, बेअरिंग, क्रॉस, क्लच प्लेट यांची चणचण नाही. पत्र्याचे भाग आणि सीव्ही जॉइंट मात्र मिळतील तेव्हा घेऊन ठेवावेत, आणि नकली सीव्ही जॉइंटपासून चार हात दूर राहावं. खासगी नोंदणीची पंधरा वर्षं संपली की फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्याचं शुल्क 2022 च्या एप्रिलपासून 600 वरून 5000 रुपयांवर गेलं. शेवटच्या जिप्सींची पंधरा वर्षं 2033-34 च्या सुमारास भरतील. त्या वेळी आरटीओच्या मैदानात निरीक्षक टॉर्च घेऊन खाली वाकेल, तेव्हा तो चासीचा गंज, ब्रेकचे होज आणि त्याच नकलवरचा ओघळ पाहील.